अंगणातला मांडव

लेक रुचिताच्या लग्नासाठी देवजीने शहापूरचा हॉल पाहून ठेवला होता. मे महिना, त्यात कल्याणचं वऱ्हाड. पंखे तरी हवेतच. पण त्याची बायको भागीरथी हटून बसली. "मांडव आपल्या अंगणात पडंल."

त्यांचं अंगण धरणात होतं. गाव बुडाल्याला वीस वर्षं होऊन गेली होती. यंदाच्या उन्हाळ्यात पाणी खूप मागे हटलं आणि जुन्या घराचं जोतं उघडं पडलं.

"अगो, पाव्हणे उन्हात मरतील," देवजी म्हणाला.

"मी कोणाला उन्हात नाय बसवणार."

तिने खरंच नाही बसवलं. मांडवावर जांभळीचे डहाळे दाट घातले, खाली सतरंज्या अंथरल्या, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या आणि गार पाण्याचे माठ ठेवले. पाण्यावरून वारा येत होता. टेकलेले वऱ्हाडी उठेनात.

अक्षता वाटत असतानाच धरणाचा रखवालदार धावत आला. "काकी, ही सरकारी जागा हाय! कोणाला विचारून मांडव घातला?"

"माझ्या घरात पाणी घातलंत, तवा मला कोणी विचारलं होतं?"

भागीरथीने त्याच्याही हातावर अक्षता ठेवल्या.

लग्न लागलं. संध्याकाळी मांडव उतरवून सगळे टेम्पोत चढले, तरी भागीरथी जोत्यापुढचं अंगण झाडतच होती.

"चल गो," देवजीने हाक मारली. "पावसाळ्यात बुडणारच हाय ते."

"बुडंल तवा बुडंल," ती खराटा न थांबवता म्हणाली. "आज माझं हाय."