चार मिलिमीटर

पात्याची सहावी फेरी चालू असताना शीटचा कोपरा उचलला गेला. त्याने दोन बोटांनी तो चिकट मॅटवर दाबून धरला. मशीन चालू असताना बोटं आत घालू नयेत, हे त्याने दुसऱ्यांना शंभरदा सांगितलं असेल. पण घरात प्लास्टिकची एवढी एकच शीट उरली होती आणि मुलगा पाच वाजता येणार होता. चार वाजून गेले होते.

टेबलावरचं ते छोटं कटर मशीन खरं तर कागदासाठी केलेलं. एक मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक त्याला एका दमात झेपत नाही. पातं त्याच रेघेवरून दहा वेळा फिरवायचं, मग शीट हलकेच वाकवायची, की टक्कन मोडते. भिंतीवरच्या विटांच्या रेघांना मात्र एकच फेरी, तीही अलगद. आर्किटेक्ट लोकांना इमारतींची मॉडेलं करून देण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. मापात पाप नको, हे त्याने मुलाला याच टेबलाशी उभं करून शिकवलं होतं.

हे मॉडेल कोणी मागितलं नव्हतं. ते घराजवळचं वळण होतं, एकास पन्नास मापाचं. रस्ता, विटांची भिंत, मुलगा चालवायचा ती बेकरीची गाडी आणि भिंतीआड तीस मिलिमीटर उंचीची एक बाई. चार महिन्यांपूर्वी मुलगा बेकरीच्या किल्ल्या विसरून गाडी घेऊन निघाला. त्या घेऊन वळणावर त्याला गाठायला त्याची आई मागच्या वाटेने धावली. भिंत संपली तिथे रस्त्यात आली आणि मुलाच्याच गाडीखाली सापडली.

सगळे म्हणाले, भिंत आड आली, तुला ती दिसणं शक्यच नव्हतं. तोही मुलाला रोज हेच सांगायचा. मुलगा ऐकून घ्यायचा. पंधरा दिवसांत त्याने बेकरीमागे खोली घेतली. मग फोन उचलेनासा झाला. मुलाची आत्या जाऊन बघून आली. पोरगा अर्धा झालाय म्हणाली. टेबलावरचा पसारा बघून तिचं डोकं फिरलं. बायको गेली, आता पोरगंही जाईल, आणि तू म्हातारपणी भातुकली मांडून बसलायस, असं तोंडावर बोलून गेली.

भातुकली नव्हती ती. गाडीच्या मागच्या बाजूला त्याने बारीक छिद्र पाडलं होतं. त्याला डोळा लावला की ड्रायव्हरला दिसेल तेवढंच दिसायचं. मुलाने एकदा त्यातून बघावं. समोर नुसती भिंत दिसावी. त्याच्या छातीवरचा दगड उतरावा आणि पोरगं जगावं. एवढंच हवं होतं.

पहिली भिंत त्याने सकाळीच कापली होती. विटांचे दोन-दोन मिलिमीटरचे चौदा थर, म्हणजे अठ्ठावीस. ती उभी केली आणि छिद्राला डोळा लावला. भिंतीवरून बायकोचं डोकं दिसत होतं.

टेप घेऊन तो खऱ्या भिंतीकडे गेला. दोनदा मोजली. माप बरोबर होतं. परत येऊन पुन्हा बघितलं. डोकं होतंच. फार नाही, पण बघणाऱ्याला पुरेसं.

 मग संगणकावरचे अठ्ठावीस खोडून त्याने बत्तीस टाकले. विटाच ताणून मोठ्या करणं त्याला जमेना, म्हणून दोन थर वाढवले. मशीनला काय, आकडा द्याल तसं ते कापतं.

दहावी फेरी संपली. त्याने श्वास रोखून शीट वाकवली. टक्कन मोडली, कड साफ आली. जुनी भिंत कचऱ्याच्या डब्यात टाकून त्याने वर वर्तमानपत्र कोंबलं. नवी चिकटवली. छिद्रातून बघितलं. आता नुसत्या विटा दिसत होत्या. हात धुताना दारावरची बेल वाजली.

मुलगा आत आला, पण बसला नाही. निरोप पाठवून कशासाठी बोलावलं तेही त्याने विचारलं नाही. बापाने अडखळत सगळं समजावलं. हे वळण, ही गाडी, ही तुझी आई. मुलगा गुडघे टेकून वाकला आणि छिद्राला डोळा लावून बराच वेळ राहिला.

"दिसत नाही ना?" बापाने विचारलं.

"नाही."

बापाने सुस्कारा सोडला. पण मुलगा उठला नाही. त्याने भिंतीच्या पायथ्याशी नख लावलं आणि रेघेरेघेवरून वर नेलं. त्याचे ओठ हलत होते. बापाला ओरडून त्याचा हात धरावासा वाटला, पण जागचं हलवेना.

"सोळा," मुलगा म्हणाला. "खरी चौदा थरांची आहे, बाबा. मी रोज तिथे जाऊन मोजतो."

बापाची मान खाली गेली. तीस वर्षांत एकदाच खोटं माप घेतलं, आणि तेही पोराच्या हाती सापडलं. आता हा दारातून जाईल आणि पुन्हा यायचा नाही, असंच त्याला वाटलं.

"आधी चौदाची करून बघितलीत ना?"

बापाने होकारार्थी मान हलवली.

मुलगा फरशीवरच बसला. खोली घेतल्यापासून तो या घरात पहिल्यांदाच बसत होता.

"मी त्या बाजूला बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "सगळे म्हणायचे, तुला दिसणं शक्यच नव्हतं. तुम्हीही तेच म्हणायचात. मग तुमच्यासमोर जेवायला बसवेना मला." त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "आता तुम्हाला कळलंय. आता मी घरी येऊ?"