पळायला छाती लागते

फुटबॉलची फायनल, आम्ही एका गोलनं मागं, पाच मिनिटं उरलेली आणि बॉल माझ्या नातवाच्या पायात.

“पास द्यायला सांगा त्याला,” आमच्या मालकांच्या जुन्या टीममधले दत्तबाभावजी गॅलरीतनं ओरडले. “आजोबागत एकटाच पळाला तर कप गेला.”

“पळायला छाती लागते, भावजी. तुम्ही जन्मभर पासच देत राहिलात, आठवतंय का कुणाला?”

आमचे मालक बॉल कुणाला द्यायचेच नाहीत. मान खाली घालून कडेकडेनं असे पळायचे की पेठेतल्या बाया चुलीवरचं सोडून मैदानाला यायच्या. एक फायनल त्या पळण्यात गेली, तेवढीच लोकांनी ध्यानात ठेवली. ते वारले, तरी त्यांच्या बाजूनं भांडायचं मी सोडलं नाही.

नातू तसाच मान खाली घालून सुटला. मी उभी राहिले. “पळ, माझ्या वाघा.” पोरगं गोलकीपरसमोर पोचलं आणि त्यानं बॉल हळूच शेजारच्याला दिला.

गोल झाला, बरोबरी झाली. पेठ नाचायला लागली. भावजींनी मॅच संपायच्या आधीच गुलाल उधळला.

“वैनी, आता बोला.”

“शहाणं निघालं पोरगं,” मी म्हटलं, आणि मालकांच्या बाजूनं बोलणारं त्या मैदानात कुणीच उरलं नाही.