कोठीतला पासपोर्ट

विमानतळाची गाडी दारात येऊन उभी राहिली, तरी रक्षा पासपोर्ट शोधत नव्हती. धुरपताच्या मनात पाल चुकचुकली. शोधायला नको का? पासपोर्ट तर तिनंच, आईनं, लेक आली त्याच दिवशी ज्वारीच्या कोठीत खोल दडवला होता.

उगाच नाही दडवला. पोरगी बारा वर्षं जर्मनीत. चेलो वाजवते म्हणे, देशोदेशीच्या मोठमोठ्या सभागृहांत. चेलो म्हणजे व्हायोलिनच, पण माणसाएवढं, गुडघ्यांत धरून वाजवायचं. सगळ्या रोहणा गावानं फोटो पाहिले, विहारात सत्कारही झाला. पण यावेळी आल्या आल्या धुरपतानं लेकीचा हात हातात घेतला आणि तिच्या काळजात चर्र झालं. डाव्या हाताच्या चारही बोटांची टोकं दगडासारखी टणक! तीस वर्षं कापूस वेचलेल्या बाईला हात ओळखता येत नाही होय? असे घट्टे मजुरीनंच पडतात. वाजवणाऱ्यांचे हात मऊ असतात, एवढं तर कोणीही सांगेल.

त्यात आठ दिवसांत लेकीनं चेलोची पेटी एकदाही उघडली नव्हती. विचारलं की म्हणे, थकली मी. फोन आला की अंगणात जाऊन त्या परक्या भाषेत हळू आवाजात बोले. धुरपता दाराआडून कान देई, पण कळणार काय डोंबल! लेक तिकडं कुणाच्या तरी घरी राबते आणि लाजेपायी खोटं सांगते, अशी तिची खात्रीच झाली. अशा ठिकाणी पोटच्या पोरीला पुन्हा धाडायचं? जीव गेला तरी नाही.

बाहेर ड्रायव्हर रुपेशनं हॉर्न वाजवला.

"निघत काऊन नाई वो?" शेवटी धुरपताच बोलली.

"पासपोर्ट सापडून नाई राह्यला." रक्षानं शांतपणे चहाचा घोट घेतला.

"शोधलाच कुठी तुनं? खरं सांग मले. तिथं लोकायची धुणीभांडी करतं न तू? हात पाह्य तुह्ये! मायशी खोटं बोलतं?"

रक्षाचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं कप खाली ठेवला, पेटी उघडली आणि खुर्ची ओढून ती वाजवायला बसली.

धुरपता आधी नुसती बोटंच बघत होती. जाड तारा त्या टोकांखाली करकचून दाबल्या जात होत्या, घट्टा होता बरोबर तिथंच. मग बोटं बघायचीही राहून गेली. बाहेरचा हॉर्न केव्हाच थांबला होता. धुरपताच्या डोळ्यांना धारा लागल्या. पोरगी खरं बोलत होती, आणि आपण करंट्या तिची वाट अडवून बसलो!

ती उठली. कोठीत कोपरापर्यंत हात घालून तिनं पासपोर्ट काढला, पदरानं पुसला आणि लेकीपुढं धरला.

"चुकलं वो माय माह्यं. घे, जाय. गाडी थांबून हाय."

रक्षानं हात पुढं केला नाही.

"कोठीत हाय, मले माहीत होतं," ती म्हणाली. "मले इथंच राह्यचं होतं, माय. म्हणूनच आठ दिवस वाजवलं नाई. वाजवलं का तूच मले जाय म्हणशीन."