नोव्हेंबरची सभा

"चाळीस वर्षं गप्प बसलात आणि आत्ता बडतर्फीचा शेरा बदलून हवाय?" लष्करी मंडळाच्या कर्नलबाईंनी विचारलं. "पेन्शनसाठी का?"

"पेन्शन ठेवू कुणासाठी, मॅडम?" ॲल्विन ब्रूसार्ड म्हणाला. शेजारी बसलेल्या बायकोनं, ओडेटनं, त्याला कोपरानं ढोसलं. नीट सांग.

व्हिएतनाममध्ये एका टेकडीवरून मित्रांची प्रेतं खाली आणल्यावर, हुकूम मिळूनही तो पुन्हा त्या टेकडीवर चढला नव्हता. म्हणून बदनामीचा शेरा मारून त्याला घरी धाडलं होतं. त्याबद्दल तो कधी कुणापुढे रडला नव्हता.

"आमच्या गावच्या शाळेत दर नोव्हेंबरला सभा असते. हेडमास्तर म्हणतात, फौजेत जाऊन आलेल्यांनी उभं राहावं. सगळ्यांचे बाप उठायचे, पोरं टाळ्या वाजवायची. मी आपला बाकाला चिकटून. आमचा रेमी बाही ओढायचा, 'बाबा, उठा ना! तुम्ही पण होतात ना?' मी म्हणायचो, गुडघा धरलाय रे."

"बरं, मग?"

"पुढं त्याला खरं कळलं. शाळा संपल्यावर तो स्वतःच भरती झाला. बसमध्ये चढताना म्हणाला, 'बघा बाबा, एक दिवस त्या सभेत आपल्या घरचं कुणीतरी उभं राहील.'"

"राहिलं का?" कर्नलबाईंनी कागद आवरत विचारलं.

"राहिलं ना. गेल्या नोव्हेंबरात हेडमास्तर म्हणाले, शहिदांच्या आईबापांनी उभं राहावं. मी आणि ओडेट उठलो."