काळा जोड

आमच्या डोंगरभटक्यांच्या मंडळाचे जादा बूट माझ्याकडे असतात. सहलीहून आले की धुऊन, प्रत्येकात कागदाचे दोन बोळे कोंबून मी ते वाळवते.

आज सहलीसाठी काळा जोड काढला. चारही बोळे चघळून थुंकल्यासारखे निघाले, कोमट, लाळेची तार सुटलेले. शिसारी आली. तीनदा हात धुतले, तरी वास जाईना.

सकाळच्या प्रार्थनेपर्यंत माझं मौन असतं. तेवढ्यात भाची आली आणि तिने नेमके तेच बूट उचलले. मी जोरजोरात हातवारे केले.

"पुरे गं मावशी तुझं सोवळं!" पाय आत सरकवत ती हसली. "अय्या, एक बोळा राहिलाय आत. मऊ आहे."

चारही बोळे माझ्यासमोर फरशीवर पडले होते. मी मौन मोडलं.

"काढ तो बूट!"

तिने ओढून पाहिला. हसू मावळलं.

"मावशी, बोटं चोखतंय गं."