गाऱ्हाण्यातलं नाव

सीताराम सावंतांना साधं पाणी मागता येत नव्हतं; देवाशी बोलताना मात्र ते एका शब्दालाही अडखळत नव्हते.

पक्षाघाताच्या झटक्याला आठ महिने झाले होते. करी रोडच्या त्या खोलीत दिवसभर त्यांच्या तोंडून फक्त "ते... ते..." यायचं. नारळ पुढे ठेवला, की देवाला घालायचं अख्खं गाऱ्हाणं धडाधड.

"देव बोलता तेंच्या तोंडून," शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या.

"मेंदू बोलतो, काकी." त्यांची मुलगी मेघना परळच्या इस्पितळात वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवायची. "पाठ असलेलं मेंदूच्या दुसऱ्या बाजूने येतं. त्यात मन नसतं."

"मग तुझ्या मेंदूक सांग, च्याय ठेव."

मेघना हसत उठली. खरं तर आपलं चुकावं, असं तिला फार वाटे. झटक्याच्या आदल्या दिवशी तिने बाबांना राकेशबद्दल सांगितलं होतं. वरळीच्या बीडीडी चाळीतला, बौद्ध घरातला. बाबा म्हणाले होते, "उद्या सांगतो." तो उद्या आलाच नाही. त्यांच्या होकाराशिवाय लग्न नाही, हे तिचं तिनेच ठरवलेलं. राकेश थांबला होता.

दसरा. नारळ. हात जोडून उभी माणसं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो नारळ गोड मानून घे..."

"व्हय म्हाराजा."

"वाकडानाकडा काय असात ता दूर कर..."

"व्हय म्हाराजा."

"आणि माझ्या मेघनाची नि राकेशाची जोडी सुखात ठेव रे म्हाराजा."

सगळ्यांच्या माना मेघनाकडे वळल्या.

मग गंगुबाई म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." पाठोपाठ सगळे.

मेघनाचे डोळे भरून आले, आणि लगेच तिला उलगडलं. गेले दोन महिने आई रोज सकाळी बाबांजवळ बसून तालावर काहीतरी घोकून घ्यायची. पद्धत मेघनानेच शिकवलेली. म्हणजे होकार बाबांचा नव्हे, आईचा. असू दे. तोही काही थोडा नव्हता.

ती आत गेली. लक्ष्मीबाई पुऱ्या तळत होत्या.

"आई, जोडीचं ते वाक्य तूच घोकून घेतलंस ना?"

"व्हय. मीच."

मेघनाने मागून मिठी मारली. "मला आधी सांगायचंस तरी."

लक्ष्मीबाईंनी गॅस बारीक केला.

"काय सांगू तुका? मी तेंका कुडाळच्या स्थळाचा नाव शिकवलेला."