मल्लिनाथसरांची सही

नांदेडच्या रोबोटिक्स कार्यशाळेत हजेरीचा कागद फिरत फिरत रेणुकाबाईंपुढं आला. त्यांनी आपल्या नावापुढं सही केली आणि सवयीनं खालच्या मल्लिनाथसरांच्या नावापुढंही केली. दोघं एकाच शाळेवर संगणक शिकवणारे. अकरा वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात हेच चाललेलं. सरांची लोह्याची बस कधीच वेळेवर यायची नाही. ते धापा टाकत यायचे, शेजारी बसायचे, हळूच विचारायचे, “मारली ना बाई सही?” शाई वाळायच्या आत बाईंच्या ध्यानात आलं, सरांना वारून सव्वा महिना झाला होता. यादी तेवढी जुनीच होती. सही खोडायला त्यांनी पेन टेकवला, पण हात सरकेना. तेवढ्यात प्रशिक्षक किट वाटत आले. कागद पाहून म्हणाले, “जोडीनं बनवायचंय, मॅडम. सर कुठं हायेत?” बाईंनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली आणि नेहमीसारखंच सांगितलं, “येऊन राहिलेत.”